डोकं दुखतंय आणि कशातच मन लागत नाही: दोन्हींचा इलाज एकत्र कसा करायचा

‘डोकं दुखतंय’ हे वाक्य आपल्याकडे कुठेही खपतं. टीम लीडला सांगता येतं, आईला सांगता येतं, मेडिकलवाला तर काही न विचारता गोळी काढून देतो. ‘गेला दीड महिना कशातच मन लागत नाहीये’ हे मात्र कुणालाच सांगवत नाही. म्हणून विशी-तिशीतली कितीतरी मुलंमुली डॉक्टरांकडे अर्धंच दुखणं घेऊन जातात आणि अर्ध्याच इलाजावर परत येतात. गोळी बदलते, चष्म्याचा नंबर तपासून होतो, कुणीतरी साइनस आहे म्हणून सांगतं आणि यात वर्ष निघून जातं.

मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारी, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे तास घालवणारी, सीएच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला बसलेली मुलं माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. खाली औषधांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्यावरून स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू किंवा बंद करू नका. माझं सांगणं एवढंच आहे की डोकं आणि मन या दोन्हींची नोंद एकाच वहीत ठेवा आणि ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्यापुढे ती पूर्ण वही ठेवा.

आधी या दोघांचं नातं

मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, असलेल्या लोकांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट ते चौपट आढळतं. यात आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. अमेरिकेतल्या डेट्रॉईट परिसरात नाओमी ब्रेस्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ते ३० वयाच्या सुमारे हजार तरुणांच्या मुलाखती घेतल्या आणि पुढची काही वर्षं त्यांचा मागोवा ठेवला. १९९४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता की ज्यांना आधी मायग्रेन होतं त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे तिप्पट, आणि ज्यांना आधी नैराश्य होतं त्यांना पुढे मायग्रेन सुरू होण्याचा धोकाही जवळपास तेवढाच. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे.

याची कारणं शरीरातच आहेत. वेदना आणि भावना हाताळणारे मेंदूतले भाग एकमेकांत गुंतलेले आहेत, सेरोटोनिनसारखी रसायनं दोन्हींत काम करतात आणि अनुवंशिकतेचा काही वाटाही दोन्हींत सारखा आहे. एरवी मेंदू वेदनेला थोडा लगाम घालत असतो. नैराश्यात तो लगाम सैल पडतो, मग तेवढंच दुखणं जास्त दुखतं. उलट बाजूने, पुढचा अटॅक कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस मित्रांचे बेत टाळायला लागतो, रजा संपतात, ऑफिसात ‘ही नेहमीचीच’ असा शिक्का बसतो. अशा आयुष्यात मन खचलं तर नवल नाही. झोप बिघडली की दोन्ही आणखी चिघळतात.

वयही महत्त्वाचं आहे. मायग्रेन बहुधा किशोरवयात किंवा विशीत डोकं वर काढतं आणि नैराश्याचा पहिला झटकाही अनेकांना याच वयात येतो. बायकांमध्ये दोन्हींचं प्रमाण जास्त. मायग्रेन तर पुरुषांच्या सुमारे तिप्पट. ‘सगळं मनाचं आहे’ असं कुणी म्हटलं की त्यात ‘म्हणजे खरं दुखत नाही’ असं गृहीत असतं. ते चूक आहे. मनामुळे वाढलेली डोकेदुखीही तेवढीच खरी असते.

पायरी १: धोक्याच्या खुणा आधी बघून घ्या

वही, प्रश्नावली सगळं नंतर. पुढच्यापैकी काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि थेट इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

एका मिनिटात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधीच झाली नव्हती अशी डोकेदुखी. डोकेदुखीसोबत ताप आणि आखडलेली मान. फिट येणं, शुद्ध हरपणं, असंबद्ध बोलणं. हातापायातली ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एकाची दोन दिसणं. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, मग तो दुचाकीवरून पडल्याचा असो की लोकलच्या दारातल्या रेटारेटीतला. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी.

काही खुणा इतक्या तातडीच्या नसतात, पण त्याही अंगावर काढू नयेत. खोकताना, वाकताना किंवा आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं. उभं राहताना काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येणं. वजन झपाट्याने वाढलेल्या तरुण मुलींमध्ये डोकेदुखीसोबत कानात सूं-सूं असा ठेका ऐकू येणं. दोन-तीन आठवडे बारीक ताप, घटणारं वजन आणि दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी असेल, आणि घरात किंवा पीजीत कुणाला टीबी झालेला असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. टीबी मेंदूच्या आवरणातही होतो. पावसाळ्यात तापासोबत डोळ्यांच्या मागे दुखत असेल तर डेंग्यूची शंका घ्यावी लागते. तोवर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन असलेली गोळी घेऊ नका, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पायरी २: दुखणं कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

मायग्रेनचा अटॅक, गोळी घेतली नाही तर, ४ ते ७२ तास चालतो. बहुधा एका बाजूला, ठण-ठण ठोके पडल्यासारखं, जिना चढला तरी वाढणारं. सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे. काहींना दुखण्याआधी ५ मिनिटं ते तासभर डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात.

आपल्या घरांत याला फार वेळा ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात. उलटी झाल्यावर बरं वाटतं, म्हणून पित्त पडलं असं समजून मुली घशात बोटं घालून उलटी काढतात. मळमळ हा मायग्रेनचाच भाग आहे आणि उलटीनंतर अटॅक ओसरणं हेही मायग्रेनमध्ये होतं. वर्षानुवर्षं फक्त ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्लेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. तुमचं ‘पित्त’ महिन्याला ठरावीक वेळा, पाळीच्या आसपास, उन्हातून आल्यावर किंवा उपवासाला उठत असेल तर डॉक्टरांना मायग्रेनबद्दल आवर्जून विचारा.

दुसरा मोठा प्रकार ताणाच्या डोकेदुखीचा. दोन्ही बाजूंनी, कपाळाला पट्टा आवळल्यासारखं, सहन होईल इतपत. अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत टिकतं, पण उलटी होत नाही आणि चालण्या-फिरण्याने वाढत नाही. बऱ्याच जणांना दोन्ही प्रकार आलटून पालटून होतात.

पायरी ३: चार आठवडे एक वही

सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो. मोबाईलमधलं नोट्सचं पानही चालेल, पण कागदी वही डॉक्टरांना चाळायला सोपी जाते. रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं. डोकं ० ते १० मध्ये किती दुखलं, कधी सुरू झालं, सोबत काय होतं. मन ० ते १० मध्ये कसं होतं, १० म्हणजे उत्तम. झोप किती तास. जेवणाची वेळ चुकली का. गोळी कुठली आणि किती. मुलींनी पाळीची तारीख.

नमुन्यादाखल, ऐरोलीत शिफ्टमध्ये काम करणारी मुलगी काय लिहील ते बघा.

‘सोमवार. उठतानाच डोकं जड, ३. नाश्ता नाही. चार वाजता उजवं कानशील ठणकायला लागलं, ७. स्क्रीनकडे बघवेना. गोळी १. मन २. ताईचा फोन आला, उचलला नाही.’

‘मंगळवार. डोकं ०. मन ३. दिवसभर काही झालं नाही, तरी रबाळे स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या. घरी जावंसं वाटेना, ऑफिसातही थांबावंसं वाटेना.’

‘बुधवार. डोकं ४. गोळी १. खरं तर दुखायच्या आधीच घेतली. मन ३.’

सोमवारची नोंद कुणीही डॉक्टरांना सांगेल. मला काळजी मंगळवारच्या नोंदीची वाटते. डोकं शून्य असताना मन वर यायला हवं होतं, ते आलं नाही. फक्त दुखण्यामुळे वैतागलेला माणूस दुखणं थांबलं की पुष्कळसा पूर्वपदावर येतो, हसतो, जेवणात रस घेतो. डोकं शांत असलेल्या दिवशीही मन दोन-तीनच्या वर जात नसेल, तर नैराश्य स्वतंत्रपणे तपासून घ्यायला हवं. वही नसती तर हे तिच्याही लक्षात आलं नसतं, कारण मागे वळून बघताना सगळे दिवस एकसारखेच राखाडी वाटतात. बुधवारकडे आपण पाचव्या पायरीत येऊ.

पायरी ४: मनाची तपासणी

डॉक्टर वापरतात ती पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ गुण द्यायचे: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. एकूण २७ पैकी ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० किंवा त्यावर गेलं तर डॉक्टरांना भेटायलाच हवं, २० आणि त्यावर म्हणजे तीव्र. ही चाळणी आहे. निदान डॉक्टर करतात.

डोकेदुखी असलेल्यांनी ती भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांचे प्रश्न नुसत्या डोकेदुखीनेही भरून निघतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे जास्त बारकाईने बघा: कामात किंवा छंदात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतं का. स्वतःबद्दलच्या अपराधी भावनेचा प्रश्नही तसाच. ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’ हे डोकेदुखी बोलत नसते. तरुण मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड, सतत मोबाईल, रात्री जागणं आणि दारू वाढणं असं रूप दिसतं. त्यांना विचारलं तर ती ‘मी ठीक आहे’ म्हणतात आणि तेही मनापासून म्हणतात.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही उत्तर असेल तर बाकीच्या गुणांची बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाला सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डोक्यात ठोस बेत आकार घेत असेल तर एकटं राहू नका, घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि कुणालातरी सोबत घेऊन इस्पितळात जा. ज्यांच्या घरातलं कुणी असं बोललं असेल त्यांनी सरळ विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने बोलायला वाट मिळते.

आणखी एक आठवून बघा. आयुष्यात कधी सलग काही दिवस झोप कमी लागूनही अंगात प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, बेफाम खर्च असं झालं होतं का? तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. मायग्रेनसोबत बायपोलर आजारही दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

पायरी ५: गोळ्यांचे दिवस मोजा

बुधवारच्या नोंदीत ‘दुखायच्या आधीच घेतली’ असं आहे. घोळ इथेच सुरू होतो. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या की त्याच गोळ्यांमुळे डोकं रोज दुखायला लागतं. साध्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसाठी सीमा महिन्यातून १५ दिवसांची. मिश्र गोळ्या, ट्रिप्टान (अटॅक थांबवणारी मायग्रेनची खास औषधं), अर्गोटामाइन असलेल्या गोळ्या आणि अफूवर्गीय वेदनाशामकं यांच्यासाठी १० दिवसांची. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं आणि डोकं महिन्याला १५ किंवा जास्त दिवस दुखत असलं की ‘गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी’ असं निदान होतं. गोळ्यांची संख्या नव्हे, दिवस मोजायचे. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलसोबत प्रॉपिफेनाझोन आणि कॅफिन असतं, म्हणजे ती मिश्र गोळी. पट्टीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या.

नैराश्यात ही सवय फार पटकन जडते, कारण गोळी डोक्यासाठी म्हणून घेतली जाते पण अपेक्षा असते मन थोडं हलकं होण्याची. ज्यांना आपण यात अडकलोय असं वाटतं त्यांनी घरच्या घरी सगळं एकदम बंद करू नये. थांबवल्यावर सुरुवातीचे दोन ते दहा दिवस डोकं जास्त दुखू शकतं, मळमळ होते, झोप जाते, आणि मन आधीच खचलेलं असेल तर हा काळ एकट्याने काढायचा नसतो. डॉक्टर सोबत प्रतिबंधक औषध, म्हणजे डोकेदुखी मुळात कमी वेळा यावी म्हणून नियमित घ्यायचं औषध, देतात.

पायरी ६: कुणाकडे जायचं आणि काय बोलायचं

पहिली भेट फॅमिली डॉक्टरांचीच असू द्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, चष्म्याचा नंबर एवढं तपासून होतं. ॲनिमिया आणि थायरॉईडची कमतरता दोन्ही थकवा, उदासी आणि डोकेदुखी देतात, त्यामुळे ते नाहीत ना हे कळणं गरजेचं. तपासणीत सगळं नीट असेल आणि धोक्याची खूण नसेल तर एमआरआयची बहुधा गरज पडत नाही. ‘एकदा करूनच टाकूया’ म्हणून हजारो रुपये घालवण्याआधी, त्यातून उपचारात काय बदलणार आहे, हे डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, म्हणून पहिल्याच वाक्यात दोन्ही सांगा. असं: ‘डॉक्टर, गेल्या महिन्यात अकरा दिवस डोकं दुखलं, नऊ दिवस गोळी घेतली. आणि दीड महिना झाला, मनही लागत नाहीये, डोकं दुखत नसतं तेव्हासुद्धा. हे लिहून आणलंय.’ एवढं बोलायला वीस सेकंद लागतात. जीभ वळत नसेल तर वहीचं पान उघडून पुढे ठेवा.

पुढे गरज पडली तर न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी सोय हवी असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे आणि त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं आहेत. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतात, लवकर जाऊन केसपेपर काढावा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ असं अख्खा महाराष्ट्र थट्टेत म्हणतो, आणि त्या थट्टेपायी ठाण्यातच राहणारी मुलं तिथल्या बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. बाह्यरुग्ण विभागात लोक येतात, डॉक्टरांशी बोलतात, औषध घेऊन घरी जातात, इतर कुठल्याही इस्पितळासारखंच. बोलण्याच्या उपचारांसाठी डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था बऱ्याच मराठी घरांना माहीत आहे.

पायरी ७: औषधांबद्दल हे विचाराच

डोकेदुखीचं प्रतिबंधक औषध निवडताना नैराश्याची माहिती डॉक्टरांच्या हातात असणं अत्यावश्यक आहे. आपल्याकडे मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन सर्रास लिहून दिलं जातं. चांगलं औषध आहे, पण त्याने झोप आणि वजन वाढतं आणि काही जणांना नैराश्य येतं. आधीपासून नैराश्य असलेल्यांना ते टाळतात. टोपिरामेटनेही मन बिघडू शकतं, आणि गर्भावर परिणाम होत असल्याने मुलींनी त्याबद्दल आणि व्हॅल्प्रोएटबद्दल आधी विचारूनच घ्यावं. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना चालत नाही. तुम्ही मनाचा त्रास लपवला तर डॉक्टर नेमकं नको ते औषध देऊ शकतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

ॲमिट्रिप्टिलिन ही जुनी गोळी १० किंवा २५ मिलिग्रॅममध्ये डोकेदुखीसाठी देतात. घरी कुणीतरी गूगलवर शोधतं, ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ म्हणून ओरडतं आणि गोळी बंद होते. तेवढ्या डोसमध्ये ती वेदनेवर काम करते. याची दुसरी बाजूही आहे: एवढ्या कमी डोसने नैराश्य बरं होत नाही, म्हणजे ‘मी घेतोय की डिप्रेशनची गोळी’ असा दिलासाही खरा नाही. व्हेन्लाफॅक्सिनसारखं औषध काही जणांत दोन्हींवर उपयोगी पडतं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅमसारखी नैराश्याची नेहमीची औषधं मनासाठी चांगली, पण मायग्रेन रोखण्यात त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्यांनीच थोडी डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. बहुतेकांत ती ओसरते. मनावरचा फरक कळायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पंचविशीच्या आतल्यांनी पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवावं, घरच्यांनीही लक्ष ठेवावं. बरं वाटल्यावरही ही औषधं सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात.

ऑरावालं मायग्रेन असलेल्या मुलींनी एक गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगावी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. पीसीओएससाठी याच गोळ्या दिल्या जातात, तेव्हा हा विषय निघतच नाही.

पायरी ८: दिवस बसवणं

औषधाइतकंच वजन झोपेच्या वेळेला आहे. मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही, आणि नैराश्यातही उठण्याची वेळ ठरलेली असणं हा उपचाराचाच भाग असतो. रविवारी अकरापर्यंत झोपणं आणि सकाळचा चहा चुकणं, यातून रविवारचं डोकं उठतं. रात्रपाळी असेल तर घरी आल्यावर झोपेचा एक सलग तुकडा राखून ठेवा: जाड पडदे, मोबाईल दुसऱ्या खोलीत, दारावरच्या बेलची वायर काढलेली चालेल. शिफ्ट दर आठवड्याला फिरत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एचआरकडे ती महिनाभर तरी स्थिर ठेवण्याची मागणी करा. मनाच्या आजाराचं नाव सांगण्याची सक्ती नाही, ‘मायग्रेन’ एवढं पुरतं.

चहा-कॉफी मिळून दिवसाला दोन कप, झोपेच्या सहा तास आधीपर्यंतच. आज सहा कटिंग होत असतील तर एकदम तोडू नका, त्यानेही डोकं दुखतं. जेवणाच्या वेळा सांभाळा. नवरात्राचे नऊ किंवा श्रावणी सोमवारचे कडक उपवास मायग्रेनला निमंत्रण देतात. आईला आधी सांगून ठेवा, फळं-दूध घेत केलेल्या उपवासाने देव रागावत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात टोपी आणि पाण्याची बाटली.

आणि रोज एक छोटी ठरलेली कृती, मन तयार नसतानाही. नैराश्यात आधी इच्छा होईल मग उठेन, असं होत नाही. उठल्यावर कधीतरी इच्छा येते. उपवनला एक फेरी, तलावपाळीवर दहा मिनिटं, नेरूळच्या ज्वेलमध्ये किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात अर्धा तास चाल. अटॅक चालू असताना नाही, मधल्या दिवसांत. नियमित चालण्याने दोन्हींना उतार पडतो. संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, तोही दोन्हींसाठी उपयोगी आहे. पुढच्या अटॅकच्या भीतीने आयुष्य आकसत गेलेल्यांना त्याचा विशेष फायदा होतो.

पायरी ९: घरी सांगणं

ज्यांच्याशी बोलणं सोपं वाटतं त्यांच्यापासून सुरुवात करा. बहुतेकांच्या बाबतीत ती ताई किंवा मावशी असते. वडिलांशी बोलताना वही कामी येते.

‘बाबा, मला तुमच्याशी दहा मिनिटं बोलायचंय. टीव्ही बंद करू?’

‘अरे, मोबाईल कमी बघ. डोळ्यांवर ताण येतो, दुसरं काय.’

‘तो कमी केलाय. तरी अकरा दिवस दुखलं. हे बघा, लिहिलंय. आणि डोकं दुखत नाही तेव्हाही मला बरं वाटत नाहीये. डॉक्टर म्हणालेत, दोन्हींवर एकत्र औषध घ्यावं लागेल. तुम्ही पुढच्या वेळी बरोबर याल का?’

भांडण जिंकायला जाऊ नका, मदतीची एक ठोस गोष्ट मागा. बरोबर येणं, सकाळी उठवणं, अटॅकच्या वेळी खोलीत अंधार करून देणं. घरच्यांनी ‘लोकांना काय कमी दुःखं आहेत’ हे वाक्य तेवढं टाळावं. त्यानंतर मुलं पुन्हा बोलत नाहीत.

पैसे आणि पुढच्या भेटी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा लागतो आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी फक्त इस्पितळात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, तेव्हा ओपीडीची फी मिळते का ते कागदपत्रांत बघून घ्या. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची काही सत्रं मोफत असतात; एचआरच्या पोर्टलवर शोधा.

डोकेदुखीच्या प्रतिबंधक औषधाला, योग्य डोस गाठल्यानंतर, दोन-तीन महिने द्यावे लागतात. महिन्यातले दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं डॉक्टर धरतात. दुखणं पूर्ण थांबण्याची वाट बघत बसलात तर चांगलं चाललेलं औषधही फुकट वाटेल. डोकं सुधारलं आणि मन तिथेच राहिलं, किंवा उलट झालं, तर जे सुधारलं नाही त्याचा उपचार बदलायला सांगा. प्रत्येक भेटीआधी वहीतले तीन आकडे काढून ठेवा: दुखण्याचे दिवस, गोळीचे दिवस, आणि डोकं शून्य असताना मन पाचच्या खाली असलेले दिवस. तिसरा आकडा डॉक्टर विचारणार नाहीत कदाचित. तुम्ही सांगा.